आधी कोयनेचा हिशेब

पाटण तालुक्याने या राज्याला आजवर काय काय दिलं, ते एकदा सलग वाचून पाहावं. १९५०च्या दशकात कोयना धरणासाठी गावं दिली. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंपात माणसं गमावली. १९८५ साली जलाशयाच्या काठचं रान अभयारण्य झालं आणि २०१० साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं, म्हणजे गुरं चारायची आणि लाकूडफाटा आणायची वाटही अडली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. जुलै २०२१च्या एका रात्री आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे या गावांत डोंगर घरांवर आला. आता याच तालुक्यात, तारळीच्या खोऱ्यात, १५०० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प प्रस्तावित आहे, आणि कोयना-निवकणे हे आणखी एक नाव प्रस्तावांच्या याद्यांमध्ये आहे.

वीज साठवून ठेवण्याची गरज खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण कोयनेच्या धरणग्रस्तांचं देणं ज्या सरकारला साठ-सत्तर वर्षांत पुरतं फेडता आलं नाही, त्याने सह्याद्रीच्या माथ्यावर नवे जलाशय बांधायला परवानगी देण्याआधी दोन कामं केलीच पाहिजेत. जुनं देणं चुकतं करायचं, आणि घाटावरच्या सगळ्या प्रकल्पांचा मिळून काय परिणाम होणार ते मोजायचं. ही दोन्ही कामं होईपर्यंत एकाही नव्या जलाशयाला मंजुरी मिळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उदंचन म्हणजे पाणी उपसून वर चढवणं. डोंगरमाथ्यावर एक तलाव, पायथ्याला दुसरा, आणि दोन्ही जोडणारा डोंगराच्या पोटातला बोगदा. दुपारी सौरऊर्जा मुबलक असते, दर पडलेले असतात, तेव्हा पंप लावून खालचं पाणी वर न्यायचं. संध्याकाळी सूर्य मावळतो, घराघरांत दिवे, पंखे, एसी सुरू होतात, तेव्हा तेच पाणी खाली सोडून जनित्रं फिरवायची. पाणी वर चढवायला जेवढी वीज लागते, त्यातली साधारण पंचाहत्तर ते ऐंशी टक्के परत मिळते. म्हणजे हा प्रकल्प नवी वीज तयार करत नाही, दुपारची वीज संध्याकाळपर्यंत राखून ठेवतो. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. अकोले तालुक्यातल्या घाटघरला वरचा आणि शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याला खालचा जलाशय बांधून २५० मेगावॉटचा असा प्रकल्प २००८ पासून चालू आहे. भिरा इथेही १५० मेगावॉटचा संच आहे.

एक-दोन प्रकल्प असते तर इतक्या तावातावाने लिहायची गरज पडली नसती. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याने उदंचनासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केलं. त्याआधीच, जून २०२३ मध्ये, दोन कंपन्यांशी मिळून १३,०५० मेगावॉटचे सामंजस्य करार झाले होते. सावित्री, काळू, केंगडी, जालोंद हे प्रकल्प एका कंपनीचे. कर्जत, मावळ, जुन्नर हे दुसरीचे. मग ऑगस्ट २०२४ मध्ये शिरवटा आणि भिवपुरी. करारांचा हा ओघ चालूच राहिला आणि २०२५ पर्यंत एकूण आकडा ६०,००० मेगावॉटच्या पुढे गेला. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या राष्ट्रीय विद्युत आराखड्यानुसार २०३१-३२ साली सबंध देशाला मिळून सुमारे २६,७०० मेगावॉट उदंचन लागेल, आणि त्याच्या जोडीला ४७,००० मेगावॉटहून अधिक बॅटरी साठवण. देशाला जेवढं हवं, त्याच्या दुपटीहून अधिक एकट्या महाराष्ट्राने कागदावर वाटून टाकलं आहे.

यावर उत्तर येतं की सगळे करार काही प्रत्यक्षात उतरत नसतात. बरोबर आहे. पण ज्या गावाचं नाव करारात येतं, तिथे कुदळ पडण्याआधीच बरंच काही घडून जातं. अनोळखी गाड्या पठारावर फिरू लागतात, खुणेचे दगड रोवले जातात, मुंबई-पुण्याचे दलाल सातबारे गोळा करतात, भाऊबंदकीतल्या सामाईक जमिनींची खरेदीखतं होतात. प्रकल्प पाच वर्षांनी रद्द झाला तरी ती जमीन परत येत नाही. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या वेळी हेच झालं. नाचणी-वरीच्या जमिनी कवडीमोलाने गेल्या आणि विकणाऱ्याला त्या जमिनीवरून वाहणाऱ्या वाऱ्याची किंमत नंतर कळली.

कंपन्यांचा सगळ्यात मोठा युक्तिवाद बुडिताचा आहे, आणि तो प्रामाणिकपणे तपासायला हवा. त्या म्हणतात, हे कोयनेसारखं धरण नाही, यात बुडणारं क्षेत्र नगण्य आहे. मी स्वतः कागद-पेन्सिल घेऊन ढोबळ गणित मांडून पाहिलं. १५०० मेगावॉट सहा तास चालवायचे आणि दोन तलावांमधलं उंचीचं अंतर साडेचारशे मीटर धरलं, तर पाणी लागतं पाव टीएमसीहून (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) थोडं जास्त. कोयनेच्या जलाशयात १०५ टीएमसी मावतं. तलावाची सरासरी खोली वीस मीटर धरली तर ते पाव टीएमसी चाळीस-पन्नास हेक्टरांत बसतं. तेव्हा बुडीत कमी असतं हा दावा खरा आहे.

पण धरणाचं नुकसान बुडिताच्या हेक्टरांत मोजायचं, ही सवय आपल्याला कोयनेने आणि उकाई-उजनीच्या पिढीने लावली. तिथे ती योग्य होती, कारण तिथे दरी बुडत होती, गावठाणं आणि भातखाचरं बुडत होती. उदंचनात पाणी दरीत साठत नाही, माथ्यावर साठतं. नुकसान होतं ते सड्याचं, म्हणजे माथ्यावरच्या कातळाच्या पठाराचं, झऱ्यांचं आणि उताराचं, आणि बुडीत क्षेत्राच्या रकान्यात यातलं काहीच येत नाही. तलाव चाळीस हेक्टरांचा असला तरी त्याच्या भोवतीचा बांध, बांधाला लागणारा दगड जिथून काढायचा ती खाण, माथ्यापर्यंत अवजड यंत्रं नेणारा रुंद रस्ता, बोगद्यातून निघणारा लाखो घनमीटर राडारोडा टाकायची जागा, मजुरांच्या वसाहती, उच्चदाबाच्या वाहिन्यांचे मनोरे आणि त्यांच्याखालची तोड, हे सगळं मोजायचं कुणी?

सडा म्हणजे काय, हे ज्याने तो फक्त एप्रिल-मे महिन्यात पाहिला त्याला सांगून पटत नाही. तेव्हा तिथे काळा-तांबडा तापलेला कातळ असतो, झाड नावाला नसतं, आणि सरकारी कागदावर ‘पोटखराबा’ किंवा ‘पडीक’ असा शेरा असतो. श्रावणात त्याच कातळावरून चाललं की पायाखाली बोटभर पाणी चमकत असतं. कातळाच्या खळग्यांत चिमूटभर माती, त्या मातीत सीतेच्या आसवांचे जांभळे ठिपके, कडेला किडे खाणारी दवबिंदू वनस्पती, दगड उलटला तर खाली पाल किंवा विंचू. मी एका भाद्रपदात तालुक्याच्या उत्तर अंगाच्या एका पठारावर गवळी धनगरांच्या वाड्यावर गेलो होतो. तिथल्या म्हाताऱ्या मामांनी मला वस्तीपासून थोडं खाली, कड्याच्या अंगाला नेलं. काळ्या दगडाच्या थराखाली विटकरी रंगाचा, चिकट मातीसारखा एक पट्टा होता आणि नेमक्या त्या पट्ट्यावरून करंगळीएवढी धार बाहेर पडत होती. धारेखाली बांबू अर्धा चिरून पन्हळ केली होती, पन्हळीखाली हंडा. मामा म्हणाले, “ह्ये पानी वैशाखापातुर पुरतं. वरचा सडा पितो आन् हितनं देतो. सड्याला कायबी झालं तर आमाला खाली उतराय लागंल.”

मामांनी दोन वाक्यांत सांगितलं ते भूशास्त्रही सांगतं. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाला आहे. दोन थरांच्या मधे अनेक ठिकाणी तो तांबडा थर असतो, त्यातून पाणी सहजी खाली झिरपत नाही. माथ्यावर पडलेला पाऊस भेगांतून उतरतो, त्या थरावर येऊन अडतो आणि कड्याच्या बाजूने झरा होऊन बाहेर येतो. घाटमाथ्यावरच्या कितीतरी वाड्या अशा झऱ्यांच्या ओळीने वसलेल्या आहेत. नदी दूर खाली, विहीर कातळात खणणं अशक्य, नळयोजना कागदावर. झरा आहे म्हणून वाडी आहे. आता याच थरांतून आरपार सात-आठ मीटर किंवा त्याहून रुंद बोगदा न्यायचा, त्यासाठी सुरुंग लावायचे, म्हटलं तर कुठला झरा कुठे वळेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. हिमालयात याचा अनुभव आला आहे. जोशीमठजवळ तपोवन-विष्णुगड प्रकल्पाचा बोगदा खोदताना डिसेंबर २००९ मध्ये यंत्राने जमिनीखालचा जलसाठा फोडला आणि प्रचंड वेगाने पाणी बाहेर येऊ लागलं. तिथला खडक वेगळा, इथला वेगळा, तेव्हा तसंच इथे होईल असं मी म्हणणार नाही. पण इथे काय होईल ते सांगायचं तर प्रत्येक खोऱ्यातल्या झऱ्यांची नोंद हवी. कुठला झरा किती महिने, किती पाणी देतो आणि त्यावर किती घरं जगतात, याची यादी पर्यावरण अहवालाच्या पहिल्या पानावर असली पाहिजे. असे अहवाल चाळले तर झाडांच्या, पक्ष्यांच्या लांबलचक याद्या सापडतात. वाडीचं पाणी कुठून येतं, हे मात्र शोधावं लागतं.

पक्ष्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो, पठारावरच्या एका बदलाने बाकीचं जीवन कसं हलतं, याचा चांगला अभ्यास आपल्याच साताऱ्यात झालेला आहे. चाळकेवाडीच्या पठारावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना केली. २०१८ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी दिसले. शिकारी कमी झाले म्हणून गळ्याखाली रंगीत पंखा असलेल्या सरड्यांची संख्या वाढली, त्यांचं अन्न वाटलं गेलं, ते माणसाला कमी बिचकू लागले, त्यांचे रंगही फिके पडले. एका खांबावरच्या पात्यांचा परिणाम सरड्याच्या गळ्यापर्यंत पोहोचला. शेजारचं कास पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, म्हणून आपण तिथे तिकीट काढून फुलं पाहायला जातो. त्याच जातीचा, त्याच कातळाचा दुसरा सडा यादीत नाही म्हणून तो पडीक ठरतो. हा भेद निसर्गाने केलेला नाही.

उताराचा धोका तर डोळ्यांसमोर आहे. माळीण, ३० जुलै २०१४, सुमारे दीडशे माणसं. तळीये, २२ जुलै २०२१, ऐंशीहून अधिक. त्याच रात्री पाटण तालुक्यातली ती तीन गावं. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३, सत्तावीस मृतदेह मिळाले आणि सत्तावन्न माणसं ढिगाऱ्याखालीच राहिली. आता प्रकल्पांची नावं पुन्हा आठवून पाहा. माळीणच्या शेजारी जुन्नर. तळीये ज्या महाड तालुक्यात आहे, तिथून सावित्री वाहते. इर्शाळवाडीपासून कर्जत हाकेवर. आंबेघर-मिरगावच्या तालुक्यात तारळी. उदंचनाला हवी असते उंच, सरळ कड्याची आणि खूप पावसाची जागा. दरडीलाही तीच लागते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता. अशा पावसात ज्या उतारावर नव्याने रस्ता कापलेला आहे, राडारोड्याचा ढीग टाकलेला आहे आणि वर दररोज पाण्याची पातळी कित्येक मीटर खाली-वर होते आहे, त्या उताराखाली कुणाची वाडी आहे, हा प्रश्न मंजुरीच्या आधी विचारायचा असतो. दरड कोसळल्यावर तो चौकशी समितीकडे जातो.

कोयनेच्या परिसरात भूकंपाचा विषय टाळून पुढे जाता येत नाही. १९६७चा ६.३ तीव्रतेचा भूकंप जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांमध्ये जगात सर्वांत मोठा मानला जातो. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. त्या भूगर्भाचा अभ्यास करण्यासाठी कराडजवळ खास प्रयोगशाळा उभी राहिली आणि खोल विवरं घेतली गेली. पाव टीएमसीच्या तलावाने भूकंप होईल, अशी भीती घालणं बेजबाबदारपणाचं ठरेल. पण जिथे अजूनही जमीन अधूनमधून हादरते, तिथे माथ्यावर आणि पायथ्याला मिळून किती नवे बांध, किती किलोमीटर बोगदे होणार आहेत, हे एकत्र मांडलेलं कुठेच दिसत नाही. प्रत्येक प्रकल्पाचा अहवाल वेगळा, सल्लागार वेगळा, सुनावणी वेगळी. प्रत्येकाचा निष्कर्ष एकच की आमचा परिणाम मर्यादित आहे. प्रत्येक अहवाल एकटा वाचला तर तो पटतोही.

पश्चिम घाटाचं काय करायचं, हे ठरवायला या देशाने दोन समित्या नेमल्या. माधव गाडगीळ यांच्या समितीचा अहवाल २०११चा. तो फार कडक आहे म्हणून कस्तुरीरंगन यांचा कार्यगट नेमला, त्याचा अहवाल २०१३चा. या दुसऱ्या, सौम्य मानल्या गेलेल्या अहवालानेही जलविद्युत प्रकल्पांना मोकळं रान दिलं नव्हतं. नदीतला किमान प्रवाह आणि एकत्रित परिणामांचा अभ्यास अशा अटी त्यात होत्या. त्यावर आधारलेली अधिसूचना सहाव्यांदा मसुद्याच्या रूपात ३१ जुलै २०२४ रोजी आली. महाराष्ट्रातलं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आहे. ती अंतिम होईपर्यंतच्या काळात घाटमाथ्यावर करारांवर करार होत राहिले. संवेदनशील क्षेत्र कुठलं, हे ठरवायला दहा वर्षं पुरत नाहीत आणि प्रकल्पाची जागा ठरवायला एक समारंभ पुरतो, हे कुणाही विचारी माणसाला खटकायला हवं.

आता माणसांकडे येतो. या लेखाचं मूळ कारण तेच आहे.

कोयनेसाठी शंभराच्या आसपास गावं उठली. तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्राचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६चा. १८९४च्या भूसंपादन कायद्याने रोख मोबदला हातावर ठेवला आणि माणसांना जा म्हटलं. काही सोलापूर-सांगलीकडे गेले, काही रायगड-ठाण्याकडे. बरेच जण कुठेच गेले नाहीत, पाणी वर येईल तसे डोंगरावर वर सरकले. पुढे तोच डोंगर अभयारण्य झाला. कांदाटी खोऱ्यातल्या गावांना वर्षानुवर्षं लाँच हाच रस्ता होता. कोयनेच्या वीजगृहांची क्षमता मिळून १९६० मेगावॉट झाली, राज्यातले कारखाने त्यावर चालले, आणि दरवर्षी ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीज करून पश्चिमेला सोडण्याची मुभा कृष्णा पाणी तंट्याच्या लवादाने दिली. एवढी संपत्ती ज्यांच्या जमिनीवर उभी राहिली, त्यांची नातवंडं अजून पात्रतेची कागदपत्रं जमवत आहेत.

एका धरणग्रस्त कुटुंबाकडे मी ती कागदपत्रं पाहिली आहेत. पत्र्याची ट्रंक, तिच्यात खताची रिकामी पिशवी धुऊन कापलेली, आणि त्यात गुंडाळलेले कागद. निवाड्याची नक्कल, घडीवर फाटलेली. आजोबांच्या नावाचा जुना उतारा. प्रकल्पग्रस्ताचा दाखला, त्यावर नावात एक अक्षर चुकलेलं. ते अक्षर दुरुस्त व्हावं म्हणून केलेले अर्ज, प्रत्येकावर पोच घेतल्याचा शिक्का. आजींना वाचता येत नव्हतं, पण कुठला कागद कुठल्या साहेबाच्या काळातला हे त्या घडीवरून ओळखत होत्या. “संकलनात नाव नाय म्हंत्यात,” त्या म्हणाल्या. संकलन म्हणजे पात्र धरणग्रस्तांची सरकारी नोंद. “धरणात गाव हाय आमचं. संकलनात नाय.” धरणग्रस्तांसाठी लढणाऱ्या श्रमिक मुक्ती दल या संघटनेने डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली कोयनानगरला दीर्घ ठिय्या दिला तेव्हा कुठे या संकलनाच्या याद्यांना वेग आला. ज्या कामासाठी अधिकाऱ्यांनी स्वतःहून गावोगाव जायला हवं होतं, त्यासाठी सत्तरी ओलांडलेल्या माणसांना मांडवात बसावं लागलं.

या पार्श्वभूमीवर केंद्राची २०२३ची उदंचनविषयक मार्गदर्शक तत्त्वं वाचली की मनाला लागतं. नेहमीच्या जलविद्युत प्रकल्पाला यजमान राज्याला काही टक्के वीज मोफत द्यावी लागते आणि स्थानिक क्षेत्र विकास निधीही ठेवावा लागतो. उदंचन प्रकल्पांना या दोन्हींतून सूट आहे. मोफत विजेबाबतची सूट समजू शकतो, कारण हा प्रकल्प निव्वळ वीज निर्माण करत नाही. पण विकास निधीच्या सुटीमागचं गृहीत असं की या प्रकल्पांचा पर्यावरणावर परिणाम किरकोळ असतो आणि पुनर्वसनाचा प्रश्नच येत नाही. एकाही सड्यावर न जाता, एकाही झऱ्याची नोंद न घेता, प्रश्न नाही असं आधीच ठरवून टाकलं आहे. ज्याचं घर बुडत नाही पण पाणी जातं, ज्याची जमीन संपादित होत नाही पण चराई जाते, तो या व्याख्येत प्रकल्पग्रस्तच नाही. कोयनेच्या वेळी निदान माणूस उठतो आहे एवढं तरी सरकार मान्य करत होतं.

मुळशीला १९२१च्या रामनवमीला सेनापती बापटांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला तेव्हाही मुंबईची वीज विरुद्ध मावळातली भातशेती असाच सामना होता. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा तिथली. शंभर वर्षं होऊन गेली. आज त्याच कंपनीच्या जुन्या तलावांच्या आधाराने शिरवटा आणि भिवपुरीचे नवे उदंचन प्रकल्प आखले जात आहेत, आणि माझ्या मते हा तुलनेने बरा मार्ग आहे, कारण जलाशय आधीच अस्तित्वात आहे. पण तिथेही पहिला प्रश्न शंभर वर्षांपूर्वी उठलेल्यांच्या वारसांचा असायला हवा.

विरोध करणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो विचारलाच पाहिजे: मग कोळसा जाळत राहायचा का? चंद्रपूरला २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. तिथल्या लोकांच्या छातीत जी राख जाते, तीही कुणाच्या तरी विजेची किंमतच आहे. सातारकराने आपला डोंगर वाचवण्यासाठी चंद्रपूरकराला धुरात ठेवावं, असा माझा आग्रह असूच शकत नाही. सौरऊर्जा वाढायला हवी आणि ती साठवायला हवी. म्हणून तर गरजेपेक्षा दुप्पट करार बघून राग येतो. गरज मोजून प्रकल्प ठरले असते तर आज बोलणं वेगळं झालं असतं.

सुरुवात कुठून करता येईल, हेही समोर आहे. कोयनेच्या पश्चिमेला, घाटाखाली कोळकेवाडी धरण आहे. कोयनेचं पाणी वीजगृहांतून खाली येऊन तिथे साठतं आणि मग तिसऱ्या टप्प्याच्या जनित्रांवर जातं. वर कोयनेचा शिवसागर जलाशय, खाली कोळकेवाडी: दोन जलाशय आहेत, बोगदे आहेत, वाहिन्या आहेत, विस्थापन होऊन गेलेलं आहे. यांच्यामध्ये पाणी परत वर चढवण्याची सोय किती प्रमाणात करता येईल, याचा खुला तांत्रिक अभ्यास आधी झाला पाहिजे. कोयना धरणाच्या पायथ्याला डाव्या तीरावरचं ८० मेगावॉटचं वीजगृह वर्षानुवर्षं रखडलेलं आहे. जे अर्धवट आहे ते टाकून नव्या सड्यावर जायची घाई का? आणि बॅटरीचे दर ज्या वेगाने उतरत आहेत, ते पाहता सहा-सात वर्षं बांधकामाला लागणारा, पुढची कित्येक दशकं डोंगरात राहणारा प्रकल्प प्रत्येक ठिकाणी स्वस्तच पडेल, हेही गृहीत धरू नये. बॅटरीलाही लिथियमच्या खाणी लागतात, तिची विल्हेवाट लावावी लागते, हे मला ठाऊक आहे. पण बॅटरीचा कंटेनर सौरप्रकल्पाशेजारी सपाट जागेवर ठेवता येतो आणि नको झाला तर उचलता येतो. सड्यावर एकदा सुरुंग लागला की तो सडा परत करता येत नाही.

ग्रामसभेचं काय, हाही मुद्दा आहे. वनहक्क कायद्याने घाटमाथ्यावरच्या गावांना सामूहिक हक्क मागता येतात. पण पाटण, जावळी, महाबळेश्वर या पट्ट्यातल्या किती गावांना हे दावे कसे करायचे ते कुणी समजावून सांगितलं? गवळी धनगरांचे वाडे तर महसुली गावापासून तासभर चालीवर. सुनावणीची नोटीस वर्तमानपत्रात येते, वर्तमानपत्र वाड्यावर येत नाही. सुनावणीला हजार पानांचा इंग्रजी अहवाल टेबलावर असतो, सोबत मराठी सारांश. त्या सारांशात झऱ्याचं नाव नसतं, वाड्याचं नसतं, आणि रोजगाराचा आकडा मात्र ठळक असतो. बोगदा खोदायला लागणारे कुशल कामगार बाहेरून येतात. प्रकल्प चालू झाल्यावर उरते ती पहारेकऱ्याची नोकरी.

म्हणून मागणी साधी आणि मोजता येण्याजोगी आहे. कोयना धरणग्रस्तांचं संकलन पूर्ण करून ते गावनिहाय, मराठीत, तलाठी कार्यालयाच्या फळ्यावर लावा. ज्यांची जमीन देणं आहे त्यांना ती द्या आणि ताबा दिल्याची तारीख त्या यादीत लिहा. कृष्णा, भीमा आणि कोकणातल्या नद्यांच्या खोऱ्यांतल्या सगळ्या उदंचन प्रस्तावांचा एकत्रित अभ्यास एका स्वतंत्र संस्थेकडून करून घ्या, त्याचा खर्च कंपन्यांकडून घ्या आणि अहवाल मात्र त्यांच्या हातात देऊ नका. झऱ्यांची नोंद वाडीतल्या लोकांना सोबत घेऊन किमान एका पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत करा. स्थानिक विकास निधीची सूट महाराष्ट्रापुरती तरी काढून टाका, राज्याला आपल्या धोरणात ती अट घालता येते. आणि हे होईपर्यंत तारळीसह घाटमाथ्यावरच्या प्रत्येक नव्या जलाशयाची मंजुरी थांबवा. विधानसभेत पाटणचा, जावळीचा, महाडचा, कर्जतचा आमदार बसतो. पुढच्या अधिवेशनात यातल्या एकाने जरी उभं राहून विचारलं की ६०,००० मेगावॉटच्या करारांत एकूण किती वाड्यांचं पाणी आहे, तर जलसंपदा खात्याला ती यादी करायला बसावंच लागेल.